वायट अर्प (१९९४): तीन तास अकरा मिनिटांचा मार्शल

हा चित्रपट लावण्याआधी घड्याळाकडे बघून घ्या. लांबी १९१ मिनिटं आहे, आणि टूमस्टोन गावातल्या ज्या ओके कोरलच्या (कोरल म्हणजे घोड्यांचा वाडा) चकमकीसाठी बहुतेक लोक तो लावतात, ती उत्तरार्ध बराच पुढे सरकल्यावर येते. दिग्दर्शक लॉरेन्स कॅस्डनने जुन्या अमेरिकन पश्चिमेतला कायद्याचा रखवालदार म्हणून नावाजलेल्या वायट अर्पचं जवळजवळ अख्खं आयुष्य पडद्यावर मांडलं आहे. चित्रपटाचं बळ त्यातच आहे आणि दुखणंही त्यातच.

जून १९९४ मध्ये तो आला तेव्हा याच माणसावरचा ‘टूमस्टोन’ हा चित्रपट येऊन सहा महिने झाले होते. ‘टूमस्टोन’ अर्प बंधू टूमस्टोन गावात पोचतात तिथून सुरू होतो आणि सूडाच्या मोहिमेपर्यंत धावत सुटतो. कॅस्डन मात्र सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, चकमकीची वाट पाहत बसलेला केव्हिन कॉस्टनर दाखवतो आणि तिथून थेट आयोवातल्या मक्याच्या शेतात मागे जातो. यादवी युद्धात लढायला पळू पाहणारा पोरगा, त्याला पकडून आणणारा बाप. जीन हॅकमनने हा बाप असा उभा केलाय की रक्ताच्या नात्यापुढे बाकी सगळे परके, हा त्याचा धडा पुढचे तीन तास कानात राहतो. दुर्दैवाने हॅकमन लवकरच दिसेनासा होतो आणि ती पोकळी नंतर कुणी भरून काढत नाही.

पूर्वार्धातला सर्वांत चांगला भाग बंदुकांचा नाही. मिसुरीतल्या लमारमध्ये पहिली बायको उरिला वारते, तिथून वायट दारूत बुडतो, घर जाळतो, घोडा चोरून तुरुंगात जातो आणि बापच त्याला सोडवतो. तपशील इकडचे तिकडे केले असले तरी मुळात हे खरं आहे: उरिला १८७० मध्ये गेली आणि १८७१ मध्ये अर्पवर घोडेचोरीचा आरोप झाला होता. कायद्याचा रखवालदार म्हणून पुजल्या गेलेल्या माणसाचं हे पान पटकथा लपवत नाही, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. अडचण एवढीच की विशीतला हा नवरदेव अडतीस-एकोणचाळीसचा कॉस्टनर करतो. मेकअपने ते झाकलेलं नाही.

त्यानंतर गाडी अडखळते. रानरेड्यांची शिकार, विचिटा, डॉज सिटी. प्रत्येक मुक्कामावर नवी माणसं ओळख करून घेतात आणि ओळख पक्की होण्याआधीच मागे पडतात. डॉज सिटीतला मार्शल एड मास्टरसनचा शेवट ज्या जोराने लागायला हवा तसा लागत नाही, कारण त्याच्यासोबत आपण पुरेसे बसलेलोच नसतो. त्यात कॉस्टनरचा वायट मुद्दाम गोठवलेला. उरिलानंतर हा माणूस आतून बंद झाला, हे पटतं. पण बंद दाराकडे दोन तास बघायचं म्हणजे प्रेक्षकाला शेजारी कुणीतरी बोलका लागतो. तो डेनिस क्वेडच्या डॉक हॉलिडेच्या रूपाने येतो, तोही उशिरा. क्षयाने खंगलेल्या या दंतवैद्यासाठी क्वेडने वीसेक किलो वजन उतरवलं होतं. गालफडं, खोकला, चिडका विनोद, सगळं अस्सल. ‘टूमस्टोन’मधला व्हॅल किल्मरचा डॉक जास्त गाजला, पण मरणपंथाला लागलेला माणूस क्वेडचाच वाटतो.

आता चकमक. २६ ऑक्टोबर १८८१, दुपारी तीनच्या सुमारास. जागा प्रत्यक्षात कोरलमध्ये नव्हती. फ्रीमॉन्ट रस्त्यावर, फ्लायच्या फोटो स्टुडिओशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत, सहा-दहा फुटांच्या अंतरावरून सुमारे तीस सेकंदांत तीसेक गोळ्या सुटल्या. अर्प बंधूंच्या विरोधातले बिली क्लँटन आणि मॅकलॉरी बंधू मेले, वायटचे भाऊ व्हर्जिल आणि मॉर्गन जखमी झाले, डॉकला गोळी चाटून गेली. कॅस्डनने ती लांबवलेली नाही, वीररसही ओतलेला नाही. अचानक, कुरूप आणि जवळून. बरोबर तशीच हवी होती.

चुकलंय ते चकमकीच्या कारणांत. गावाचा मार्शल वेगळा, परगण्याचा शेरीफ वेगळा. टूमस्टोनचा मार्शल वायट नव्हे, त्याचा थोरला भाऊ व्हर्जिल होता, आणि गावात हत्यार बाळगायला बंदी करणारा नियम राबवणं हे त्याचं काम. कोचीस परगण्याचा शेरीफ जॉन बीहन. त्याला वसूल केलेल्या करातले १० टक्के मिळत, म्हणून त्या खुर्चीवर वायटचाही डोळा होता. हे गणित कळलं की वैर कळतं. चित्रपटात मात्र बीहन मुख्यत्वे वायटच्या पुढच्या जोडीदारणीचा, जोसीचा, सोडलेला प्रियकर म्हणून लक्षात राहतो आणि भांडण बाईवरून पेटल्यासारखं दिसतं.

वायटची आधीची जोडीदारीण मॅटी ब्लेलॉकला मेअर विनिंगहॅमने जीव लावून साकारलंय. लॉडनम, म्हणजे अफूच्या अर्काच्या, आहारी गेलेली ही बाई १८८८ मध्ये त्याच्याच जास्त मात्रेने मेली. भावांच्या बायका नवऱ्यांच्या या ‘आपण भाऊ-भाऊ’ला जे सुनावतात, तो प्रसंग अख्ख्या चित्रपटातला सर्वांत शहाणा आहे. असे आणखी दोन असते तर?

ओवेन रॉइझमनचं छायाचित्रण ऑस्करच्या नामांकनात होतं, आणि ते छोट्या पडद्यावर वाया जातं. कंदिलाच्या उजेडातले सलूनमधले प्रसंग खोली अंधारी केल्याशिवाय नीट दिसत नाहीत. जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत कधीकधी दृश्याच्या पुढे धावतं. एका बैठकीत पाहायचा हट्ट नको. अर्प कुटुंब टूमस्टोनला पोचतं तिथे थांबा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. वेस्टर्न नवीन असेल तर आधी ‘टूमस्टोन’ बघा. नावं आणि चेहरे डोक्यात बसले की इथला संथपणा कमी जाचतो. सुमारे सव्वासहा कोटी डॉलर खर्चून अमेरिकेत जेमतेम अडीच कोटी मिळाले, त्यामागे ‘टूमस्टोन’ आधी आला हेही थोडंफार असेल.

मॉर्गनच्या खुनानंतरची सूडयात्रा घाईत उरकली आहे. पण अलास्काला निघालेल्या जहाजावरचा शेवटचा प्रसंग चुकवू नका. एक तरुण वायटला त्याच्याच शौर्याची गोष्ट सांगतो, वायट म्हणतो की ते तसं घडलंच नाही म्हणणारेही आहेत, आणि जोसी त्याला शांतपणे सांगते की तसंच घडलं.