सागरी प्राण्यांच्या समूहांचा जनुकीय अभ्यास: कोणत्या प्रश्नासाठी कोणती पद्धत

एखाद्या सागरी प्रजातीचे वेगवेगळे समूह किती आहेत, ते परस्परांत कितपत मिसळतात आणि त्यांत प्रौढ प्राणी किती उरले आहेत, हे तीनही प्रश्न एकाच अभ्यासात सुटतील असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात प्रत्येकासाठी डीएनएचा निराळा भाग वाचावा लागतो आणि नमुनेही निराळ्या रीतीने गोळा करावे लागतात. म्हणून सर्वांत नवे तंत्र कोणते, यापेक्षा आपला प्रश्न कोणता, हे आधी ठरवलेले बरे.

समुद्राची एक अडचण सर्वच पद्धतींना भोवते. बहुतेक माशांची व शिंपल्यांची पिल्ले डिंभावस्थेत, म्हणजे अंड्यातून बाहेर आल्यावरच्या इवल्या तरंगत्या अवस्थेत, प्रवाहाबरोबर दूरवर जातात आणि समूहही प्रचंड मोठे असतात. त्यामुळे समूहांमधील जनुकीय फरक फार सावकाश साचतो. दर पिढीला काही मोजके प्राणी इकडून तिकडे गेले, तरी दोन समूह जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारखे दिसू शकतात. मात्र तेवढ्या प्राण्यांनी अतिमासेमारीमुळे रिकामा झालेला साठा पुन्हा भरून निघत नाही. ‘फरक आढळला नाही’ या निष्कर्षावरून ‘साठा एकच आहे’ असा निर्णय घेणे हा या क्षेत्रातील सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे, असे मला वाटते.

मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांतला डीएनए, ही सर्वांत स्वस्त वाट. पेशीत त्याच्या प्रती पुष्कळ असतात, त्यामुळे जुनी हाडे किंवा खराब झालेल्या ऊतींमधूनही तो बऱ्याचदा मिळतो आणि वाचलेला क्रम जगातील कोणत्याही प्रयोगशाळेच्या क्रमाशी थेट ताडता येतो. मात्र तो सामान्यतः आईकडूनच येतो, म्हणून माद्यांचाच इतिहास सांगतो. लॉगरहेड कासवांच्या अंडी घालण्याच्या किनाऱ्यांमध्ये या डीएनएत ठळक फरक दिसतो, कारण माद्या आपल्या जन्मप्रदेशाकडे परततात. केंद्रकातील डीएनए पाहिला तर तो फरक बराच पुसट होतो, कारण नरांमार्फत जनुके मिसळत राहतात. दोन्ही उत्तरे खरी आहेत. किनाऱ्याच्या संरक्षणासाठी पहिले अधिक उपयोगी, कारण एका किनाऱ्यावरील माद्या संपल्या, तर दुसरीकडच्या माद्या ती जागा सहजी भरून काढत नाहीत. प्रवाळांसाठी मात्र ही पद्धत टाळावी. त्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए इतका हळू बदलतो की एकाच प्रजातीच्या समूहांत फरक क्वचितच सापडतो.

मायक्रोसॅटेलाइट आता जुने मानले जातात. डीएनएतील दहा-वीस स्थानांवरील लहान पुनरावृत्त तुकड्यांची लांबी मोजायची, इतकेच हे काम. स्थाने बहुरूपी, म्हणजे प्राण्यागणिक वेगळ्या लांबीची, असल्यामुळे पितृत्व-मातृत्व ओळखण्यासाठी ती आजही चांगली आहेत. दोष दोन आहेत. एका प्रयोगशाळेची मापे दुसरीच्या मापांशी जुळवून घेतल्याशिवाय एकत्र करता येत नाहीत. आणि शिंपल्यांसारख्या मृदुकाय प्राण्यांत एखाद्या स्थानाची काही रूपे चाचणीत उमटतच नाहीत, त्यामुळे भिन्न रूपे असलेला प्राणी एकाच रूपाचा भासतो. हाताशी याच पद्धतीची जुनी आकडेवारी असेल तर तिच्यात भर घालणे शहाणपणाचे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ही वाट सहसा धरू नये.

त्याऐवजी एसएनपी, म्हणजे डीएनएतील एकेका अक्षराचे बदल, हजारोंच्या संख्येने वाचणे आज बहुतेकांना योग्य ठरेल. २००८ मध्ये पुढे आलेल्या रॅड पद्धतीमुळे, जिच्यात डीएनएचे ठरावीक तुकडेच वाचले जातात, संपूर्ण जीनोम (प्राण्याचा सगळा डीएनए) हाती नसलेल्या प्रजातीतही हे शक्य झाले. त्या प्रजातीचा आधी वाचून जुळवलेला संदर्भ जीनोम उपलब्ध असेल, तर प्रत्येक प्राण्याचा संपूर्ण जीनोम कमी खोलीने, म्हणजे प्रत्येक भाग मोजक्याच वेळा, वाचणे हा पुढचा पर्याय. त्याची खरी किंमत अटलांटिक हेरिंगमध्ये कळते: मोजक्या स्थानांच्या जुन्या चाचण्यांत हे मासे जवळपास एकसारखे दिसले, पण संपूर्ण जीनोम वाचल्यावर वसंतात व शरदात अंडी घालणाऱ्यांमध्ये, तसेच बाल्टिक समुद्राच्या कमी खाऱ्या पाण्यात राहणाऱ्यांमध्ये, विशिष्ट जनुकांपाशी ठळक भेद सापडले. मात्र येथे नवे सापळेही आहेत. कॉड माशात गुणसूत्रांचे मोठे तुकडे उलटलेले आहेत आणि त्यांतील हजारो एसएनपी एकाच स्थानासारखे वागतात; ते वेगळे न काढल्यास आलेखात तीन स्वच्छ गट दिसतात आणि ते तीन समूह आहेत असे वाटू लागते. यंत्रावर वेगवेगळ्या खेपांत वाचलेले नमुनेही असाच भास निर्माण करतात, म्हणून प्रत्येक ठिकाणचे नमुने सर्व खेपांत विभागून टाकावेत.

प्रश्न संख्येचा असेल तर वाटच बदलते. पकडलेल्या माशांत पालक-पिल्लांच्या जोड्या किती सापडतात, यावरून प्रौढांची संख्या काढता येते: जोड्या जितक्या विरळ, तितके प्रौढ अधिक. दक्षिणी ब्लूफिन टूनाच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजासाठी हजारो मासे तपासून अशा ४५ जोड्या मिळाल्या आणि तेही मायक्रोसॅटेलाइटवर. याला नमुने फार लागतात, शिवाय माशांचे वय ठाऊक असावे लागते. प्राण्यांच्या शरीरातून पाण्यात सुटलेल्या डीएनएचा पर्याय प्राण्याला स्पर्शही न करता चालतो; कतारजवळच्या व्हेल शार्कची मायटोकाँड्रियल विविधता अशा रीतीने नुसत्या पाण्यातून अभ्यासली गेली. पण त्यात कोणता डीएनए कोणत्या प्राण्याचा, हे सांगता येत नाही, म्हणून नात्यांच्या अभ्यासाला तो सहसा निरुपयोगी.

पद्धत कोणतीही घेतली, तरी नमुने प्रजननाच्या ठिकाणी व हंगामात घ्यावेत; चरण्याच्या जागी अनेक समूह एकत्र असू शकतात. वर्षांचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. युरोपीय ईल या सापासारख्या लांबट माशात अंतरानुसार जनुकीय फरक वाढतो, असे २००१ मध्ये मांडले गेले. २००५ मधील अधिक व्यापक अभ्यासात मात्र एकाच ठिकाणी वेगवेगळ्या वर्षी आलेल्या ईलांमधील फरक ठिकाणांमधल्या फरकापेक्षा जास्त भरला आणि पुढे अटलांटिकमधील सारगासो समुद्रातील, म्हणजे त्यांच्या प्रजननाच्या जागेतील, डिंभांच्या अभ्यासानेही समूह एकच असल्याला पुष्टी दिली. त्यामुळे पैसा अपुरा असेल, तर वाचायच्या स्थानांची संख्या कमी करून त्याच ठिकाणांहून दुसऱ्या वर्षीचे नमुने घ्यावेत आणि फॉर्मॅलिनऐवजी एथेनॉलमध्ये ठेवावेत.