सौर प्रकल्पात नोकरी देतो सांगून नागपुरात झालेली फसवणूक

सौर ऊर्जा प्रकल्पात हमखास नोकरी लावून देतो, असे सांगून नागपुरातील एका खासगी प्रशिक्षण संस्थेने माझ्या धाकट्या भावाकडून टप्प्याटप्प्याने ५३ हजार रुपये घेतले आणि नंतर हात वर केले. त्याच वर्गात काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक अशा तालुक्यांतून आलेली बरीच मुले होती आणि त्यांपैकी अनेकांच्या घरी हे पैसे भिशी मोडून किंवा दागिना गहाण ठेवून उभे केले होते. तशीच मुले आजही अशा जाहिरातींच्या गळाला लागत आहेत, म्हणून हा सगळा व्यवहार कसा झाला ते मी सविस्तर लिहीत आहे.

प्रवेशापूर्वीच्या माहितीसत्राला मी भावासोबत हजर होते. तिथे पडद्यावर दाखवलेले आकडे खोटे नव्हते आणि हीच या फसवणुकीतली सर्वात घातक गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर मोफत वीज योजना, तिच्यासाठीची ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद, एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि त्यातून सुमारे १७ लाख थेट रोजगार निर्माण होतील हा सरकारचा अंदाज, हे सारे खरे आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्याने आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चे १६ हजार मेगावॉटचे लक्ष्यही खरे आहे. छतावरील सौर यंत्रणा बसवण्यात नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे आणि नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत सौर सेल व मॉड्यूल (म्हणजे पॅनेल) बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांच्या घोषणा झाल्या आहेत, हे तर इथल्या प्रत्येकाने वर्तमानपत्रात वाचलेले आहे. या खऱ्या गोष्टींच्या शेवटी सत्र घेणाऱ्या संस्थेच्या माणसाने एकच खोटे वाक्य जोडले, ते म्हणजे बुटीबोरीच्या कारखान्यांशी आमचा थेट भरतीचा करार आहे.

हे वाक्य लगेच पटण्यामागे नागपूरच्या परिस्थितीचाही हात आहे. कोराडी आणि खापरखेडा येथील महानिर्मितीची वीज केंद्रे, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या) कोळसा खाणी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले ठेकेदार यांनी या भागातील दोन पिढ्यांना पोसले. माझा भाऊ आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून अशाच एका ठेकेदाराकडे कंत्राटी कामगार म्हणून होता आणि ठेका संपला की घरी बसावे लागत होते. कोळशाचे दिवस सरत चालले आहेत आणि पुढचा जमाना सोलरचा आहे, हे ज्येष्ठ कामगारांच्याच तोंडून ऐकलेल्या मुलाला कोणी बुटीबोरीचे नाव घेऊन कायम नोकरीची हमी दिली, तर त्याने ती धरून ठेवावी यात नवल नाही.

पैसे एकरकमी मागितले गेले नाहीत. नोंदणीचे ५ हजार, प्रशिक्षणाचे २५ हजार आणि नेमणूक झाल्यावर परत मिळणारी सुरक्षा ठेव म्हणून १५ हजार, अशी रक्कम वाढत गेली आणि प्रत्येक वेळी, आता थांबलात तर आधीचे पैसे वाया जातील, अशी भीती घालण्यात आली. पावत्या मात्र अतिशय विचारपूर्वक छापलेल्या होत्या. समोर बसून बोलताना ‘सुरक्षा ठेव’ म्हणायचे आणि पावतीवर अगदी बारीक अक्षरांत ‘समुपदेशन व कागदपत्र सेवा शुल्क, परत मिळणार नाही’ असे लिहायचे, अशी ती पद्धत होती. प्रशिक्षण किंवा नोकरी हे शब्द एकाही पावतीवर नव्हते. पैसेसुद्धा संस्थेच्या चालू खात्यात न घेता एका व्यक्तीच्या बचत खात्याशी जोडलेल्या क्यूआर कोडवर घेतले जात होते.

कार्यालयाच्या भिंतीवर गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटी नोंदणी आणि आयएसओ अशी प्रमाणपत्रे चौकटीत लावलेली होती. ही कागदपत्रे खरी असली, तरी त्यांपैकी एकही कागद कौशल्य प्रशिक्षणाची मान्यता देत नाही. उद्यम नोंदणी ही स्वयंघोषणेवर ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. आयएसओ प्रमाणपत्र खासगी संस्था देतात. सौर यंत्रणा बसवण्याच्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय पातळीवर ठरलेला सांकेतिक क्रमांक असतो, तो स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स या परिषदेच्या अखत्यारीत येतो आणि मान्यताप्राप्त केंद्राचे नाव स्किल इंडियाच्या सरकारी पोर्टलवर शोधता येते. भावाच्या प्रमाणपत्रावर असा क्रमांक नव्हता. त्यावर एक क्यूआर कोड होता, पण तो स्कॅन केल्यावर संस्थेच्याच संकेतस्थळावर तेच प्रमाणपत्र पुन्हा दिसत होते. म्हणजे प्रमाणपत्र देणारा तोच आणि ते खरे असल्याची साक्ष देणाराही तोच.

प्रत्यक्ष प्रशिक्षणाबद्दल भावाने जे सांगितले ते ऐकून मला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटले. गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवलेले एकच पॅनेल होते, त्याला इन्व्हर्टर जोडलेला नव्हता. पॅनेलच्या केबली जोडणारे एमसी-४ कनेक्टर मुलांच्या हातून हाती फिरवले गेले, पण ते केबलला कसे क्रिंप करायचे, म्हणजे दाबून पक्के बसवायचे, हे कोणालाही स्वतः करू दिले नाही. अर्थिंगचा खड्डा, आकाशातून पडणाऱ्या विजेपासून संरक्षण देणारा अरेस्टर, उतारावरच्या पत्र्यावर सेफ्टी बेल्ट लावून चालणे, यांतले काहीच शिकवले नाही. पॅनेलवर ऊन पडत असेपर्यंत त्यातून डीसी वीज येतच राहते, मुख्य स्विच बंद केला तरी पॅनेलकडची तार जिवंतच असते, ही जिवाशी गाठ असलेली गोष्टही त्या वर्गात कोणी सांगितली नाही. असा मुलगा ‘प्रशिक्षित’ म्हणून कोणाच्या छतावर चढला असता, तर काय ओढवले असते याचा विचार या लोकांनी केलेला नाही आणि याबद्दल मी त्यांना कधीच क्षमा करू शकत नाही.

प्रशिक्षण संपल्यावर नेमणूकपत्र व्हॉट्सॲपवर आले. त्यावर एका मोठ्या उद्योगाचे बोधचिन्ह होते, पण पाठवणाऱ्याचा ईमेल जीमेलचा होता. हुद्दा ‘सोलर इंजिनिअर ट्रेनी’ असा लिहिला होता, वास्तविक भावाकडे अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका नाही. पगाराचा एकच गोल आकडा होता, भविष्य निर्वाह निधीचा उल्लेख नव्हता, आणि रुजू होण्याच्या तारखेच्या जागी ‘प्रकल्पाच्या प्रगतीनुसार’ असे शब्द होते. त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी आणि गणवेश यांसाठी आणखी ८ हजार मागवले गेले. ते भरून भाऊ बुटीबोरीला गेला, तेव्हा गेटवरच्या सुरक्षा अधिकाऱ्याने पत्र पाहताच सांगितले की असे कागद घेऊन येणारा तो पहिला नाही आणि कंपनीने अशी कोणतीही भरती काढलेली नाही. तिथूनच त्याने मला फोन केला. “ताई, इथे आपलं नावच नाही,” एवढेच तो बोलू शकला.

त्यानंतर संस्थेकडून टोलवाटोलवी सुरू झाली आणि शेवटी पावतीवरील बारीक अक्षरे आमच्यापुढे धरून, हा सेवाशुल्काचा दिवाणी व्यवहार आहे, वाटल्यास कोर्टात जा, असे सांगण्यात आले. अशा वेळी बहुतेक पालक गप्प बसतात आणि या संस्थांचा सगळा हिशोब त्यावरच उभा आहे. आम्ही त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यामुळे शेवटचे ८ हजार रुपये बँकेने खात्यातच रोखून धरले, आधीचे पैसे मात्र तोवर काढून घेतलेले होते. पोलीस ठाण्यातील तक्रारीत पावत्यांपेक्षा व्हॉट्सॲपवरचे संदेश उपयोगी पडले, कारण ‘१०० टक्के जॉब गॅरंटी’ आणि ‘ठेव परत मिळेल’ हे शब्द तिथे त्यांनी स्वतः लिहिलेले होते आणि बनावट नेमणूकपत्रही तिथूनच आलेले होते. फसवणुकीचे कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, पूर्वीचे ४२० शोधत बसू नये. तपास चालू आहे.

या क्षेत्रात काम नाही, असे समजून कोणी मुलांना परावृत्त करू नये. काम आहे, पण ते कुठे आहे आणि कोणत्या स्वरूपाचे आहे हे जाहिरातीत सांगितले जात नाही. १७ लाखांचा अंदाज संपूर्ण देशाचा आहे आणि त्यात कारखान्यांपासून मालवाहतूक, विक्री, जोडणी आणि देखभालीपर्यंत सर्व कामे धरलेली आहेत. मोठा जमिनीवरचा प्रकल्प एकदा उभा राहिला की तिथे थोड्याच माणसांची गरज उरते, पॅनेलच्या कारखान्यात बरेचसे काम यंत्रे करतात, आणि दर मेगावॉटमागे माणसे जास्त लागतात ती छतावरच्या लहान लहान यंत्रणांना. ती कामे पुरवठादार आणि त्यांचे ठेकेदार करतात. त्यांची नावे पीएम सूर्यघरच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. तिथे मजुरी बहुधा रोजाने किंवा कामागणिक ठरते, पावसाळ्यात काम मंदावते, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर उभे राहावे लागते. शिकायचे असेल तर राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा २०१५ पासूनचा सूर्यमित्र कार्यक्रम आहे, तो ६०० तासांचा, निवासी आहे आणि त्यासाठी प्रशिक्षणार्थीकडून शुल्क घेतले जात नाही. ॲप्रेंटिस म्हणून लागणाऱ्या मुलाला तर १९६१ च्या कायद्यानुसार आस्थापनेनेच विद्यावेतन द्यायचे असते. नोकरी देणारा कारखाना नोकरीसाठी ठेव मागत नाही, हे एकच कळले तरी निम्म्या संस्थांची दुकाने बंद होतील.

भाऊ सध्या मानेवाडा परिसरातील एका नोंदणीकृत पुरवठादाराकडे जोडणीच्या कामावर जातो. त्यासाठी त्याला कोणाला एक रुपयाही द्यावा लागला नाही आणि वायरमनच्या परवान्यासाठी तो तयारी करत आहे.

‘समुपदेशन व कागदपत्र सेवा शुल्क’ असा मजकूर असलेली पावती ज्यांच्याकडे असेल, त्यांनी ती फाडून टाकू नये. तिची छायाप्रत, पैसे पाठवल्याचा यूपीआय क्रमांक आणि चॅटचे तारखेसह घेतलेले स्क्रीनशॉट जोडून आपापल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तक्रारीची पोच घ्यावी, कारण एकाच मजकुराच्या पावत्या वेगवेगळ्या तालुक्यांतून समोर आल्या, तर हा एखाद्या विद्यार्थ्याचा शुल्काचा वाद आहे असे म्हणण्याला जागा उरणार नाही.