कर्ल: एका जुन्या पोस्टवाल्याकडून पाचपैकी साडेचार

वस्तूचं नाव कर्ल. हा संगणकावरचा एक प्रोग्राम: वेबचा पत्ता दिला की सर्व्हरकडून, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकाकडून, उत्तर आणून दाखवतो. किंमत काही नाही. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत ती आधीपासून बसवलेली असते, मॅकमध्येही असते. तिला ना चित्र, ना बटण. काळ्या खिडकीत एक ओळ टंकायची आणि एंटर मारायचं. डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडिश माणसाने १९९८ साली ती या नावाने बाहेर काढली. सुरुवात झाली होती चलनांचे दर आपोआप उतरवून घेण्यासाठी. मी ती होळीपासून रोज वापरतोय, आणि तीसुद्धा एकाच कामासाठी: आमच्या साइटच्या जुन्या पत्त्यावर आलेला माणूस नव्या पत्त्यावर पोचतो की नाही, हे बघायला.

आधी थोडं घरचं. मी पोस्टात ३४ वर्षं काढली. पत्ता बदललेल्याची पत्रं नवा पत्ता घालून पुढे पाठवायची, याला आम्ही रीडायरेक्टच म्हणायचो, त्यामुळे शब्द ओळखीचा होता. आमच्या हिची पाककृतींची साइट २०११ पासून चालू आहे. तेव्हा भाच्याने पीएचपी या संगणकीय भाषेत हाताने बांधून दिली होती. ३१२ पाककृती, आणि पत्ते असे की रेसिपी डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर ४७. यंदा ती वर्डप्रेस या साइट चालवायच्या तयार प्रणालीवर नेली, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) बदललं, पत्ते देवनागरीत केले. भाचा आता परदेशी. फोनवर म्हणाला, "मामा, एचटीॲक्सेस फाइलमध्ये रीराइट रूल टाका, झालं." एचटीॲक्सेस म्हणजे सर्व्हरने पाळायच्या नियमांची फाइल, आणि रीराइट रूल म्हणजे त्यातला 'हा पत्ता आला तर तिकडे पाठव' असा नियम. या 'झालं'ला तीन महिने लागले.

पहिल्याच दिवशी साइट उघडेना. ब्राउझर म्हणे, फार वेळा रीडायरेक्ट होतंय. होस्टिंगवाल्यांना (नाव घेत नाही) चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, कॅशे (ब्राउझरने साठवून ठेवलेलं जुनं) साफ करा. केली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दुसरा ब्राउझर वापरायला सांगितला. त्या रात्री भाच्याने कर्लची ओळ पाठवली: कर्ल, जागा सोडून डॅश आणि मोठा आय, मग पत्ता. एंटर मारल्यावर सर्व्हर काय म्हणाला ते जसंच्या तसं समोर येतं. पहिल्या ओळीत आकडा ३०१, म्हणजे पत्ता कायमचा बदलला. खाली लोकेशन नावाची ओळ, त्यात नवा पत्ता. आणि तो नवा पत्ता मी विचारलेलाच होता, अक्षरन् अक्षर! म्हणजे पोस्टमनने पत्रावर 'हे इथे राहत नाहीत' असा शेरा मारायचा आणि खाली त्याच घराचा नंबर लिहायचा.

कारण कळल्यावर मात्र सोपं वाटलं. आमच्या सर्व्हरच्या पुढे होस्टिंगवाल्यांचा एक प्रॉक्सी, म्हणजे मधला निरोप्या, बसलेला. वाचकाशी तो एचटीटीपीएसने, म्हणजे सीलबंद पद्धतीने, बोलतो आणि आत आमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने. माझा नियम म्हणे, एचटीटीपीएस नसेल तर एचटीटीपीएसवर पाठवा. सर्व्हरला ते कधी दिसतच नव्हतं, त्यामुळे तो बिचारा सगळ्यांना पाठवत राहिला. क्रोम अशा वीस फेऱ्यांनंतर हात टेकतो. प्रॉक्सी एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो नावाच्या हेडरमध्ये, म्हणजे निरोपाच्या मथळ्यातल्या एका ओळीत, मूळ प्रकार लिहून पाठवतो, तो बघायला सांगितल्यावर एका ओळीत काम झालं. चॅटवर हे कुणीच सांगितलं नाही.

पुढची गंमत साबुदाण्याची. आयडी ४ म्हणजे साबुदाणा वडा. साइट उघडायला लागली तशी मी जुनी लिंक टाकून पाहिली, पुरणपोळीची, ४७ नंबरची. आला साबुदाणा वडा. ४१२ टाका, वडा. रीराइट रूलला पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग दिसत नाही, तो वेगळ्या अटीत, रीराइट कंडिशनमध्ये तपासावा लागतो, हे मला माहीत होतं. पण अटीत मी 'आयडी=४' एवढंच लिहिलेलं, शेवटी 'इथे संपलं' असं सांगणारं डॉलरचं चिन्ह नाही. मग ज्या ज्या नंबरची सुरुवात ४ ने, ते सगळे वडे. शिवाय एक अट फक्त तिच्या लगेच खालच्या एकाच नियमाला लागू होते. मी एका अटीखाली पाच नियम रचले होते, त्यातले चार बिनअटीचे मोकाट सुटले होते. नव्या पत्त्याच्या शेपटीला जुनं आयडी चिकटून येत होतं ते वेगळंच. त्याला नियमाच्या शेवटी क्यूएसडी हा फ्लॅग, म्हणजे 'प्रश्नचिन्हापुढचं टाकून दे' अशी खूण लागते.

हे सगळं सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीतही दिसू शकतं. अपाचे २.४ या सर्व्हर प्रोग्राममध्ये रीराइटचा ट्रेस चालू केला की प्रत्येक नियम कुठे जुळला, कुठे हुकला ते लिहून येतं. पण ती कळ एचटीॲक्सेसमधून फिरत नाही, मुख्य सेटिंगमध्ये हात घालावा लागतो, आणि भाड्याच्या होस्टिंगवर ते आपल्या हातात नसतं. आपण बाहेर दाराशी उभे, आत काय चाललंय ते फक्त उत्तरावरून ओळखायचं. म्हणून कर्लचं मोल.

ब्राउझर या कामाला का चालत नाही, ते सांगतो. ३०१ म्हणजे कायमचा बदल, म्हणून ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला विचारतच नाही. मी नियम दुरुस्त केला तरी माझ्या लॅपटॉपवर वडाच येत राहिला आणि मी दोन संध्याकाळी दुरुस्त झालेला नियम पुन्हा बिघडवत बसलो. कर्लला असली आठवण नाही, दर वेळी नव्याने दार वाजवतं. तेव्हापासून मी तपासताना ३०२, म्हणजे तात्पुरता बदल लिहितो, आणि सगळं जागेवर बसल्यावर ३०१ करतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

आणखी एक ओळ मला फार आवडली. कढीचा जुना पत्ता बरोबर कढी-गोळ्यांवर जात होता आणि मी माझ्या नियमावर खूश होतो. प्रत्यक्षात मी नियमात नवा पत्ता नुसता 'कढी' एवढाच लिहिला होता, आणि तसं पानच नव्हतं. वर्डप्रेसने अंदाजाने 'कढी'पासून सुरू होणारं पान शोधून तिकडे ढकललं. कर्लला मोठा एल लावला की ते एकामागून एक सगळे टप्पे दाखवतं. दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरात स्वच्छ लिहिलं होतं: एक्स-रीडायरेक्ट-बाय, वर्डप्रेस. २०१९ च्या ५.१ आवृत्तीपासून वर्डप्रेस ही सही करतं. आपण केलेलं काम कोणतं आणि दुसऱ्याने सांभाळून घेतलेलं कोणतं, हे कळायला ती ओळ पुरते.

आता कैऱ्या. यात माझे बारा दिवस गेले. नियम बरोबर, पान जागेवर, तरी 'कैऱ्यांचं लोणचं' सापडत नाही म्हणे. पुऱ्यांचं तेच, भाकऱ्यांचं तेच, खाऱ्या शंकरपाळ्यांचं तेच. बाकी सगळं ठीक. पडद्यावर दोन्ही पत्ते शेजारी ठेवून मी चष्मा लावून, काढून पाहिले. तंतोतंत सारखे. हीसुद्धा म्हणाली, सारखेच आहेत. कर्लच्या लोकेशन ओळीत देवनागरी अक्षरं टक्क्याच्या चिन्हांनी मांडलेली येतात, एका चिन्हाला तीन जोड्या. तिथे फरक दिसला. नियमांसाठी मी पाककृतींची नावं २०११ च्या यादीतून चिकटवली होती. त्या यादीत हा अर्धा र साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारा जोडक असा लिहिलेला, शेवटी ई२, ८०, ८डी. नवी पानं करताना मी ती नावं नव्या कीबोर्डने पुन्हा टंकली. त्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर, शेवट बी१ आणि मग हलन्त. डोळ्याला एकच कैरी, सर्व्हरला दोन. एकूण १४ पाककृती अशा निघाल्या. मराठीत साइट चालवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जुन्या याद्या यासाठी तपासाव्यात. हिंदीवाल्यांना हा र फारसा लागत नाही, त्यामुळे त्यांच्या मदतलेखांत हे सापडणार नाही.

तक्रारीही आहेत. विंडोजच्या पॉवरशेल नावाच्या जुन्या निळ्या खिडकीत कर्ल टंकलं की भलतीच वस्तू चालू होते, त्या नावाचं सोंग घेतलेली मायक्रोसॉफ्टची स्वतःची आज्ञा, आणि लाल अक्षरांत ओरडते. कर्ल डॉट ईएक्सई असं पूर्ण लिहावं लागतं. माझा पहिला तास यातच गेला, अर्धा गुण इथे कापला. दुसरं, मोठा आय लावला की कर्ल पान मागत नाही, फक्त मथळा मागतं, आणि काही सर्व्हर त्याला वेगळंच उत्तर देतात. शंका आली तर पूर्ण पान मागवून मजकूर टाकून द्यायचा. काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन दिसतात, पण वरचा किस्सा वाचल्यावर तुम्हीच सांगा, टक्केवाली भाषाच जास्त खरी नाही का?

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, नव्या सर्व्हरकडे वळवण्याआधी तपासायचं असेल तर रिझॉल्व्ह हा पर्याय वापरा. नाव जुनंच, पण पत्र थेट नव्या सर्व्हरच्या हातात. हा मला उशिरा कळला.

काल शेवटच्या दोन पाककृती राहिल्या होत्या: उपवासाच्या भाजणीचं थालीपीठ, एक ताकातलं आणि एक दह्यातलं. देवनागरीच्या एका चिन्हाला पत्त्यात नऊ जागा जातात आणि वर्डप्रेस २०० जागांपुढचं कापून टाकतं. त्यामुळे पहिल्याचा पत्ता 'थालीप'वर संपतो. दुसऱ्याचाही तिथेच संपला असता, म्हणून वर्डप्रेसने त्याचं आणखी एक अक्षर कापून पुढे आकडा लावला: 'थाली-२'. कर्लने दोन्ही २०० दाखवले, म्हणजे पान सापडलं, रीडायरेक्ट बिनचूक. मी वही मिटली. हिने पडद्यावरचा पत्ता वाचला आणि विचारलं, "थाली-२ काय? मी खानावळ कधी काढली?"