सोलापुरातला हाय-प्रोटीन डबा: १० आठवडे खाल्ला, नंतरचे ८ महिने धरून रिव्ह्यू

डबा संपला त्याच दिवशी लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच स्टार दिले असते, कारण वजन ८४ वरून साडेशहात्तरवर आलं होतं. पण ज्यांचं वजन उतरतं आणि वर्षभरात परत चढतं त्यांना असल्या रिव्ह्यूचा काही उपयोग नाही. माझं याआधी तीनदा असं झालंय. दरवेळी दिवाळीपर्यंत नीट, मग डिसेंबरात हुरडा, जानेवारीत गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, आणि मार्च येईस्तोवर जुने ब्लाऊज परत घट्ट. म्हणून मुद्दाम आठ महिने थांबून लिहितेय. डबेवाल्या ताईंचं नाव देत नाही कारण खाली एक तक्रार आहे, आणि जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड असं कुठंही असा डबा लावणार असाल तर विचारायचे प्रश्न तेच आहेत.

आधी डबा. दोन वेळचा येतो, सकाळची दोन अंडी आणि वाटीभर दही आपलं आपण घरी खायचं. सगळं मिळून दिवसाला १२०० च्या आसपास कॅलरी आणि ८० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. दुपारी मटकीची उसळ, १०० ग्रॅम पनीर, एक पातळ ज्वारीची भाकरी, काकडी-कांदा. रात्री चिकन नाहीतर सोयाबीन वडी, भरपूर पालेभाजी, अर्धीच भाकरी. चव खरंच चांगली, आपल्याकडची, काळा मसाला घातलेली. उकडलेली ब्रोकोली वगैरे काही नाही, आणि मला वाटतं म्हणूनच मी १० आठवडे टिकले. मीठ मात्र जास्त असायचं, दोनदा सांगितल्यावर कमी झालं. दुसऱ्या आठवड्यात पोट साफ होईना तेव्हा पालेभाजी वाढवून मागितली, ती लगेच वाढवली, जादा पैसे घेतले नाहीत.

सगळ्यात आवडलं ते चटणीचं. डब्याच्या झाकणात एक इवलीशी वाटी, तिच्यात मोजून एक चमचा शेंगा चटणी, तेल न घातलेली. पहिल्या दिवशी मी फोन करून म्हटलं अहो ताई, चटणी विसरलात काय, एवढीशीच? तर त्या म्हणाल्या, "विसरले नाही हो, तोलून दिलीय. शेंगदाण्यात प्रोटीन आहे म्हणून तुम्ही घरी किती घेता सांगा बरं?" आणि खरं होतं, मी घरी मूठभर घ्यायची आणि वरून तेल, प्रोटीन खातोय म्हणून समाधान. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रोटीन असतं हे बरोबर, पण त्याच्याबरोबर साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात. तेवढंच प्रोटीन ८० ग्रॅम शिजवलेल्या चिकन ब्रेस्टमधून सव्वाशे-दीडशे कॅलरीत मिळतं, नाहीतर ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीतून पावणेदोनशेत. चटणी सोडायची नाही, फक्त तिला चटणीच समजायचं. सोलापुरात राहून हे मला वयाच्या ४७ व्या वर्षी कळलं.

आता तक्रार. डबा लावताना त्यांनी वजन, उंची, व्हेज की नॉनव्हेज एवढंच विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत हे विचारलंच नाही. मला शुगर आहे, मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड, म्हणजे शरीरातलं इन्सुलिन वाढवून शुगर उतरवणारी गोळी, चालू होती. पाचव्या दिवशी शाळेच्या ऑफिसात अकराच्या सुमारास दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरच्या रजिस्टरमधले आकडे दिसेनात. आमच्या शिपाई मावशींनी साखरेचं पाणी पाजलं, नंतर मशीनवर बघितलं तेव्हा शुगर ६२, म्हणजे तरीही कमीच. साखरेच्या पाण्याआधी किती असेल देव जाणे. डॉक्टरांनी सांगितलं, खाणं निम्म्यावर आणलंत आणि गोळी तीच ठेवलीत, मग शुगर पडणारच, आणि गोळी अर्धी केली. त्यामुळे इन्सुलिन किंवा असली गोळी चालू असेल तर डबा सुरू व्हायच्या आधी डॉक्टरकडे जा, बीपीची गोळी असेल तरी सांगा कारण वजन उतरतं तसं बीपीही उतरतं. किडनीचा त्रास असेल तर जास्त प्रोटीन स्वतःच्या मनानं अजिबात नको, आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा. प्रोटीन पावडर पण घ्याच म्हणून त्यांनी आग्रह केला होता, मी नाही घेतली. अंडी, दही, डाळ, चिकन यातून हिशोब बसत असेल तर साध्या माणसाला पावडरची गरज नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. १० आठवडे झाल्यावर मेसेज आला, पॅकेज रिन्यू करा. म्हणजे परत तेच १२०० कॅलरी. आणि रिन्यू नाही केलं तर? काहीच नाही, डबा बंद आणि तुम्ही मोकळे. आमच्यासारख्यांचा घात नेमका इथंच होतो हो! मी याबद्दल बरंच वाचलं. ऑस्ट्रेलियात ५० लोकांना १० आठवडे अगदी कमी कॅलरीवर ठेवून अभ्यास केला होता, २०११ साली छापून आला, तर वर्षानंतरसुद्धा त्यांच्या रक्तातले भुकेचे हार्मोन पूर्ववत झाले नव्हते, भूक आधीपेक्षा जास्तच लागत होती. हे वाचून मला रडू आलं, कारण इतकी वर्षं घरचे आणि मी स्वतः सगळा दोष माझ्या जिभेला देत होतो. युरोपातल्या ८ देशांतला अभ्यास २०१० चा आहे, त्यात आधी ८०० कॅलरीवर वजन उतरवलेल्या लोकांना पुढं सहा महिने वेगवेगळं खाणं दिलं, तेव्हा प्रोटीन जास्त आणि साखर हळू चढवणारं खाणं ज्यांना दिलं त्यांनी वजन सगळ्यात चांगलं धरून ठेवलं. म्हणजे प्रोटीनचं खरं काम डबा संपल्यावर सुरू होतं, पोट भरलेलं राहतं आणि स्नायू कमी झडतात.

मग मी ठरवलं तसं केलं. एकदम जुन्या जेवणावर आले नाही, दर आठवड्याला साधारण शंभर कॅलरी वाढवत गेले, आधी रात्रीची अर्धी भाकरी पूर्ण केली, मग दुपारची दुसरी, प्रोटीन मात्र तेवढंच ठेवलं. सिद्धेश्वर तलावाला चालायला जायची ते चालूच, पण त्याच्या जोडीला आठवड्यातून तीनदा घरी पाण्याच्या बाटल्या उचलून व्यायाम आणि खुर्चीवरून उठबस. दर रविवारी सकाळी वजन. ७८.५ ही रेघ, ती ओलांडली की दोन आठवडे परत मोजून खायचं. या जानेवारीत गड्ड्यावर चार वेळा गेले, हुरडाही खाल्ला, ७८.८ झालं, फेब्रुवारीत ७७. आज ७७.२.

हे सगळं मी त्या ताईंना जाऊन सांगितलं, शुगर पडलेलं पण. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वाटलं त्यांना. परवा फोन केला तेव्हा म्हणाल्या, आता फॉर्मवर गोळ्यांचा रकाना टाकलाय आणि शुगरवाल्यांना डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगते, आणि पॅकेज संपल्यावर सहा आठवड्यांचा हळूहळू भाकरी वाढवत नेणारा डबा सुरू करतेय. त्याचे पैसे किती घेणार ते अजून ठरलं नाही म्हणाल्या. मी सध्या फक्त रात्रीचा डबा ठेवलाय, महिना २६००, रविवारी सुट्टी. चारपैकी चार स्टार जेवणाला, पाचवा तो नवा डबा खाऊन बघितल्यावर.