आंब्याच्या पेट्या, दुकानातली नोकरी की कॉलेजचं इनक्युबेशन?

भाची पुण्यात एसवाय बीकॉमला आहे. पदवी झाली की धंदाच करायचा हे तिचं ठरलंय, कसला ते ठरलेलं नाही. हातात दीड वर्ष. तेवढ्यात तयारी करायची तर तिच्यापुढे तीन वाटा आहेत. देवगडकडच्या घरच्या कलमांचा हापूस आणून विकायचा, एखाद्या दुकानात अर्धवेळ काम धरायचं, किंवा मैत्रिणींबरोबर कॉलेजच्या इनक्युबेशन सेलमध्ये (नव्या धंद्यांना आधार देणारा विभाग) आयडिया घेऊन जायचं. "मामा, तू तिन्ही बघितलंयस, तूच सांग," म्हणाली. पहिल्या दोन मी स्वतः केल्यात. तिसरी एका मित्राच्या शेजारी बसून पाहिली.

पेट्यांचा धंदा

बाहेरून हा फार सोपा दिसतो. गावाहून पेटी मागवायची, ओळखीच्यांना विकायची. मी टीवायला असताना पहिल्यांदा १५ पेट्या आणल्या, पाच डझनी. पहाटे स्वारगेटला उतरवून घेतल्या आणि फळ पिकवायला खोलीवर आढी घातली. पार्टनरची कॉट भिंतीला उभी केली, जमिनीवर गवत पसरलं. आढी लावून मोकळं होता येत नाही, हे तेव्हा कळलं. रोज चाळावी लागते. तयार फळ बाजूला, डागी फळ वेगळं, नाहीतर एकामुळे शेजारची चार जातात. त्याच आठवड्यात कॉस्टिंगचा पेपर होता. पुस्तकावर गवताच्या काड्या आणि खोलीभर वास.

खरी परीक्षा साक्यानं, म्हणजे फळाच्या आतल्या बिघाडानं घेतली. वरून पिवळाधमक, देठाशी घमघमाट, आणि कापला की आत पांढरट, चिवट गर. हे बाहेरून कुणालाच कळत नाही, बागायतदारालाही नाही. एका सरांचा फोन आला, डझनातले सहा खराब निघाले. सहा बदलून दिले. मग दुसरीकडून फोन, तिसरीकडून. १५ पेट्यांपैकी पैसे आले १३ पेट्यांचे, त्यातल्याही दोघींचे जूनमध्ये. कारण "राहू दे, नंतर देते" म्हणणाऱ्या काकूंकडे पैसे मागायला माझी जीभ रेटत नव्हती. हमाली, रिक्षा आणि गवत वजा केल्यावर हातात जे उरलं त्यात धड एक पेटीही आली नसती.

तरी ही वाट मी वरच ठेवतो. आपला पैसा घालून माल आणला, तो विकला आणि पैसा परत आला (किंवा नाही आला), हे सगळं चार आठवड्यांत दिसतं. इतक्या लवकर निकाल दुसरीकडे कुठेच लागत नाही.

कागदपत्रांचं ओझं थोडं आहे. ताज्या फळावर जीएसटी नाही. एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी मात्र छोट्या विक्रेत्यालाही लागते. पुढे आंबापोळी, पल्प, कोकम आगळ असं काही करायला गेलात तर गणित बदलतं. करपात्र वस्तूंसाठी महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे, पण असा माल परराज्यात विकायला लागलात की साधारणपणे ती सूट उरत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर होते आणि ती फुकट आहे. तिचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

अडचण आहे ती वेळेची. आंब्याला चांगला भाव मिळतो मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमका सबमिशन आणि पेपरांच्या काळात. पेपर संपेपर्यंत भाव उतरलेला असतो. दिवाळीचे कंदील, उटणं, फराळ यांचंही तेच, हिवाळी परीक्षा तिथेच आडवी येते. गणपतीची सजावट आणि जूनमधल्या वह्या-छत्र्या हे दोन हंगाम मात्र पेपरांपासून बऱ्यापैकी लांब असतात. गावाकडे कलमं नसलेल्यांनी तिकडे बघावं.

दुसऱ्याच्या गल्ल्यावर

पुण्यात अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुस्तकांच्या बाजारात, जूनमध्ये उभं राहायला जागा नसते. तिथल्या एका दुकानात मी दोन जून काढले. पगार यथातथाच, पण नुकसान शेठचं. शिकायला मिळालं ते असं की काउंटरवरची गर्दी म्हणजे धंद्याचा शेवटचा अंक. वह्यांची खरेदी कितीतरी आधी झालेली असते, आणि कुठली गाइडं किती घ्यायची यावर वर्षाचा नफा ठरतो. अभ्यासक्रम बदलला की जुनी गाइडं थेट रद्दीच्या भावात जातात. प्रकाशक माल परत घेतो की नाही, घेतला तर कधीपर्यंत, हे शेठ कमिशनच्याही आधी विचारायचे. मी आंबे आणताना गावी हा प्रश्न विचारला होता का? नव्हता.

उधारीची वहीही तिथेच पाहिली. शेठ कुणालाही नाही म्हणत नसत. "मागचं एवढं क्लिअर करा, नवीन लगेच काढतो," एवढंच म्हणायचे. काकूंसमोर मला हेच वाक्य सुचायला हवं होतं.

उणं एवढंच की दाखवतील तेवढंच दिसतं. खरेदीचा भाव पाकिटावर अक्षरांच्या खुणेनं लिहिलेला असायचा, ती खूण दुसऱ्या जूनमध्ये उमगली, तीही चुकून. शिवाय हजेरीचं बघावं लागतं.

यात 'कमवा आणि शिका' योजनेची गल्लत करू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्वावलंबी शिक्षणाची जी रीत घालून दिली तिचा मला आदरच आहे, आणि फी भरायला ती योजना कामाची आहे. पण ग्रंथालयात पुस्तकं लावून खरेदी-विक्री समजत नाही.

इनक्युबेशन

केंद्राचं विद्यार्थी-प्राध्यापकांसाठीचं स्टार्टअप धोरण २०१९ मध्ये आलं, तेव्हापासून कॉलेजाकॉलेजांत हे सेल दिसू लागलेत. जागा, मार्गदर्शक, स्पर्धा, थोडाफार निधी. तुमच्या डोक्यात सेन्सर, औषध, यंत्र असं काही असेल तर दुसरी वाट शोधूच नका. मुंबईत आयआयटीचं साइन आहे, पुण्यात एनसीएलचं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) व्हेंचर सेंटर आहे, ही इनक्युबेशन केंद्रं अशाच कामासाठी आहेत. प्रयोगशाळा तुम्ही खोलीवर घालू शकत नाही.

पण नुसती आयडिया असेल तर एक धोका असतो. केंद्राची स्टार्टअप मान्यता एकट्याच्या मालकीच्या धंद्याला मिळत नाही. त्यासाठी कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी असं काहीतरी लागतं. म्हणून पहिली विक्री व्हायच्या आधीच पोरं प्रायव्हेट लिमिटेड काढून बसतात. माझ्या मित्रानं तेच केलं. स्पर्धा जिंकली, कंपनी काढली, फोटो छापून आला. मग तिघांनाही नोकऱ्या लागल्या आणि कंपनी राहून गेली. उलाढाल शून्य असली तरी ऑडिट चुकत नाही. वार्षिक फॉर्म उशिरा भरला तर आता एकेका फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा लागतात. बक्षिसाची रक्कम केव्हाच संपली होती. सीएचं बिल मात्र येत राहिलं.

मैत्रिणींबरोबर साधी भागीदारी करायची तर १९३२ चा कायदा आधी समजून घ्या. फर्मच्या सगळ्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो, आपल्या हिश्शापुरता नाही. एलएलपीत ही जबाबदारी मर्यादित राहते. आणि १८ पूर्ण नसतील तर करारावरच्या सहीला अर्थ नाही, तोवर व्यवहार घरच्या मोठ्यांच्या नावावर.

मग काय?

घरची फी तुमच्या कमाईवर अवलंबून असेल तर दुकान, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. बुडाले तरी चालतील असे दहा-पंधरा हजार असतील आणि मालाची सोय घरचीच असेल तर आधी स्वतःचा हंगाम करा, मग दुकान. हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. एकदा स्वतःचे पैसे अडकले की शेठच्या दुकानात काय बघायचं ते आपोआप कळतं, माझं तसंच झालं. इनक्युबेशन सेलकडे जाऊन यायला हरकत नाही, पण कंपनीच्या कागदांवर सही करण्याआधी तीन अनोळखी गिऱ्हाइकांनी पैसे मोजलेले असावेत. मावशी आणि आत्या यात धरत नाहीत.

भाचीनं मेअखेरच्या १० पेट्या सांगितल्यात, शेवटच्या पेपरानंतर चार दिवसांनी गाडी. गावी फोन करून साक्याच्या फळाची भरपाई निम्मी-निम्मी हे आधीच ठरवून घेतलंय, जे मला सुचलं नव्हतं. हिशेबाची वही दाखवायला आणली तर त्यात उधारीचा रकानाच नाही.

"मामीनं दोन पेट्या सांगितल्यात, त्यांचं काय?" मी विचारलं.

"मामीनं आधी जीपे करायचं," म्हणाली.