माक्तानची बांदुरिया: दुकान चांगलं, तारा मात्र जास्तीच्या घ्या

मेंडोलिन वाजवणाऱ्यांना आधीच सांगतो, फिलिपिन्समधल्या सेबूला जाणं झालं तर गिटारच्या मागे लागू नका, बांदुरिया बघा, मेंडोलिनसारखंच नखीने वाजवायचं तारवाद्य.

बलांबानच्या यार्डात आम्ही नवं जहाज ताब्यात घ्यायला थांबलो होतो. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपिन्समधल्याच इलोइलोचा. संध्याकाळी मेसमध्ये कुंदिमान, म्हणजे तिकडची जुनी प्रेमगीतं, लावून बसायचा. अबुनोचं नाव त्याच्याच तोंडून कळलं. माक्तान बेटावरची ही गिटार बनवणाऱ्यांची वस्ती. सेबूचा विमानतळ त्याच बेटावर असल्याने परतीच्या दिवशीही जाऊन येता येतं. 1521 मध्ये स्पेनच्या मोहिमेवरचा मॅगेलन मारला गेला तो याच माक्तानवर. ज्या बेटाने स्पेनच्या मोहिमेला तडाखा दिला, तिथेच आज पोटापाण्यासाठी स्पॅनिश वाद्यं घडतात, याची मला गंमत वाटली.

दुकानाच्या दर्शनी भागात नुसता पर्यटकांचा माल आहे: रंगवलेली युकुलेली, शिंपल्यांची नक्षी. तिथे वेळ घालवू नका. मागच्या पडवीत कारखाना आहे, थेट तिकडेच जा. माझी बांदुरिया साडेआठ हजार पेसोंची. पाठ आणि बाजू फणसाच्या. आमच्या रत्नागिरीत फणसाच्या लाकडाचं कौतुक कुणाला सांगायला नको, पण त्याचा आवाज मी इथे पहिल्यांदा कान देऊन ऐकला.

स्पेनमधल्या बांदुरियाला बारा तारा, सहा जोड्या. फिलिपिन्समध्ये त्या चौदा झाल्या. खर्जाला एकच तार, मग दोन जोड्या, आणि वरच्या तीन स्वरांना तीन-तीन तारा. नखीने झपाझप वर-खाली छेडलं की तिहेरी तारांमुळे सूर तुटत नाही, लांब ताणलेला ऐकू येतो. मेंडोलिनवर मला हा भरीवपणा कधी जमला नाही. मींड मात्र विसरा.

ज्यांना तिथे सगळे आदराने ‘नोंग’ म्हणतात त्या म्हाताऱ्या कारागिरांनी वाद्य जुळवून दिलं आणि न मागता एक कुंदिमान वाजवला. तीन मात्रांची संथ चाल, सुरुवात मायनरमध्ये, म्हणजे उदास स्वरात. अर्ध्यावर गाणं उजळ मेजरमध्ये शिरतं, आणि तेवढ्यात पडवीतलं वातावरण पालटलं. रडगाणं चाललंय म्हणेपर्यंत प्रियकराला आशा फुटते. परकीय राजवटीत या ‘प्रेयसी’आड देशाला आळवायचे, हे बोसनने आधी सांगितलं होतं, पण ते पटलं ते या वळणावर. विसाव्या शतकात संगीतकार निकानोर आबेलार्दो आणि फ्रान्सिस्को सान्तियागो यांनी हाच प्रकार मैफलीत नेला. नोंगना त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. ते सेबूचे, त्यांची ओढ बालिताव या तिकडच्या लोकगीताकडे. त्यात बाई आणि बुवा प्रेमावरून गाण्यातच एकमेकांना अडवतात. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आता खटकलेल्या गोष्टी. वरच्या पट्ट्यांवर तारा फार उंच होत्या, बोटं सोलवटली. सांगितल्यावर घोडी घासून दिली, पण ते दुकानाने आधीच बघायला हवं होतं. दोन खुंट्या घट्ट आहेत, त्यामुळे जुळवायला बसलात की चहा गार होतो. सोबतची पिशवी निव्वळ कापडाची, विमानातून आणायची तर कडक पेटी वेगळी मागा. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाकडे समोरचा पोरगा लक्ष देत नाही, पण मागचे लोक कितीही वेळ देतात.

एक लक्षात ठेवा, हे वाद्य एकट्याने वाजवायला थोडं उघडं पडतं. रोंदाल्यात, म्हणजे तिकडच्या तारवाद्यांच्या ताफ्यात, चाल बांदुरियाकडे असते, तिच्याखाली एक सप्तक उतरून लाउद आणि ऑक्टाव्हिना ही तिचीच भावंडं, ताल आणि सूर भरायला गिटार, तळाला खर्जाचा मोठा बाहो. मी घरी पुतण्याला गिटार धरायला बसवतो तेव्हाच मजा येते.

तारांचे दोन तरी संच जास्तीचे घ्या. मी एकच आणला. मुंबईत बांदुरियाच्या तारा मागितल्या तर दुकानदार गिटारच्या काढून दाखवतो. वरचा सूर तुटला तेव्हा मेंडोलिनची सगळ्यात बारीक तार चढवली, ती चालतेय. खर्जाच्या तारेवर अजून उपाय सापडलेला नाही.