भजनाच्या कॅसेटी, चित्ररथांचे फोटो आणि स्वतःची वेबसाइट: कोणाला कोणतं साधन सोयीचं?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी गेल्या पावसाळ्यात घरी आले, हातात कापडी पिशवी. पिशवीत गावच्या भजनी मंडळाच्या १७ कॅसेटी आणि कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांतल्या ग्रंथदिंड्यांचे दीडेकशे फोटो. मोबाईलमध्ये ११ मिनिटांचा एक व्हिडिओ, चाकावर माठ घडवणाऱ्या खानापूरच्या कुंभाराचा. म्हणाले, "हे सगळं माझ्या नावाच्या पानावर दिसायला पाहिजे. पण रोज त्यात बोटं घालत बसणं मला जमायचं नाही बघ. एकदा ठेवलं की राहायला पाहिजे."

पंधरा दिवसांनी बेळगावातल्या शहापूरहून भाचीचा फोन. ती फोटोग्राफी करते. "मामा, शिवजयंतीच्या चित्ररथांचे फोटो, लग्नांचे छोटे व्हिडिओ, सगळं माझ्या स्वतःच्या साइटवर पाहिजे. गिऱ्हाइकाला एक पत्ता दिला की झालं."

वरवर पाहता दोघांना एकच गोष्ट हवी होती. फोटो, आवाज, व्हिडिओ असलेली वेबसाइट, आणि तीही कोडिंग न शिकता. पण दोघांना मी वेगवेगळी साधनं सुचवली. कोणतं साधन चांगलं, हे मी सुरुवातीला विचारतच नाही. दोन वर्षांनी या साइटकडे कोण बघणार आहे, हे आधी विचारतो.

गूगल साइट्स आणि वर्डप्रेस

खरी निवड या दोघांतच आहे, म्हणून यांच्यावर जास्त बोलतो.

गूगल साइट्स ही गूगलची वेबसाइट बनवायची सेवा. ती फुकट आहे, जाहिराती नाहीत, अपडेट करण्याची भानगड नाही. उजवीकडच्या यादीतून फोटो, फोटोंची सरकती माळ, यूट्यूबचा व्हिडिओ किंवा ड्राइव्हमधली फाईल उचलून पानावर ठेवायची. बाहेरचा एखादा प्लेअर हवा असेल तर त्याचा एम्बेड कोड, म्हणजे तो प्लेअर पानावर बसवणारा तयार मजकूर, चिकटवला की काम होतं. ज्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवता येतो त्याला हे तासाभरात जमतं. जागा १५ जीबी, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या सगळ्यांत मिळून.

यात एक खोच आहे आणि ती हमखास लागते. ड्राइव्हमधली फाईल पानावर ठेवली तरी तिची परवानगी वेगळी असते. ती 'लिंक असलेला कोणीही' अशी केली नाही, तर मालकाला सगळं व्यवस्थित दिसतं आणि पाहुण्याला परवानगी मागणारी पाटी दिसते. मालक स्वतः लॉगिन असल्यामुळे त्याला पत्ताच लागत नाही. म्हणून साइट झाली की ती ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत, लॉगिन न करता उघडून बघायची. बघायचीच.

दुसरी मर्यादा मोठी आहे. पानाची रचना ठरावीक चौकटीत राहते आणि उद्या ही साइट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

वर्डप्रेस या नावाखाली दोन गोष्टी येतात आणि इथे पुष्कळांची गल्लत होते. एक म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा. ती फुकटात सुरू होते, पण चांगल्या सोयी पैसे भरल्यावर उघडतात. दुसरी म्हणजे वर्डप्रेस हे मोफत सॉफ्टवेअर. ते आपण भाड्याने घेतलेल्या होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेवर बसवायचं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आपला आणि फाईलीही आपल्या. मी भाचीसाठी बोलतोय ते या दुसऱ्याबद्दल.

डिसेंबर २०१८ मध्ये ५.० ही आवृत्ती आली आणि वर्डप्रेसमध्ये ब्लॉकची पद्धत सुरू झाली. फोटोंच्या गॅलरीसाठी एक ब्लॉक, आवाजासाठी एक, व्हिडिओसाठी एक. यूट्यूबचा पत्ता नुसता एका ओळीत चिकटवला तरी प्लेअर तयार होतो. फोटोग्राफरला याहून मोलाची गोष्ट पडद्यामागे घडते. चढवलेल्या प्रत्येक फोटोच्या लहानमोठ्या प्रती वर्डप्रेस स्वतः बनवतं आणि मोबाईलवाल्याकडे लहान प्रत जाते. २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून पानाच्या खालच्या भागातले फोटो, वाचणारा तिथे पोचू लागला की मगच उतरतात. जांबोटी-कणकुंबीकडे रेंजची एखादी दांडी मिळवून साइट उघडणाऱ्या माणसासाठी हा फरक साइट दिसणं आणि न दिसणं यातला आहे.

पण वर्डप्रेस म्हणजे घरात जनावर पाळण्यासारखं आहे, रोज वैरण-पाणी लागतं. मूळ सॉफ्टवेअर, थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा), प्लगिन (वरून जोडलेल्या जादा सोयी) वेळच्या वेळी अपडेट करावी लागतात. जुनी प्लगिन तशीच ठेवली की त्यातूनच चोर आत शिरतात. शिवाय दरवर्षी डोमेन आणि होस्टिंगचे पैसे. ते एका वर्षी भरायचे राहिले की साइट दिसायची बंद. भाची हे सांभाळेल, तिचा धंदाच आहे. गुरुजींकडून ही अपेक्षा करणं मला पटत नाही.

आता बाकीची साधनं थोडक्यात. ब्लॉगर ही ब्लॉग लिहिण्याची सेवा १९९९ पासून आहे, २००३ पासून गूगलकडे. आजही फुकट, आणि होस्टिंगचा खर्च न करता स्वतःचं डोमेन जोडता येतं. पण त्याचा पिंड रोजनिशीचा. सगळं तारखेच्या क्रमाने लागतं आणि आवाजाची फाईल थेट चढवता येत नाही. नियमित लिहिणाऱ्याने जरूर घ्यावं.

विक्स या वेबसाइट बनवायच्या सेवेची पानं दिसायला देखणी होतात. फुकटच्या योजनेत मात्र त्यांची जाहिरातपट्टी आणि ५०० एमबी जागा, आणि इथूनही साइट दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. कॅनव्हा या डिझाइनच्या साधनावर एका संध्याकाळी एकपानी साइट उभी राहते. संमेलनाची निमंत्रणपत्रिका किंवा मंडळाच्या उत्सवाचं पान यासाठी छान, संग्रहासाठी नव्हे.

आवाज

सगळ्यात जास्त हेळसांड आवाजाची होते, आणि आपल्या भागात सगळ्यात मोलाचा ठेवा तोच आहे. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा हा मुलूख. पण मोठ्या गायकांची रेकॉर्डिंग जपणारे बरेच आहेत. गावच्या भजनी मंडळाची कॅसेट एकच असते आणि तिला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो.

कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनला (आवाज आत घेणाऱ्या छिद्राला) जोडायची आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड करायचं. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. गाणं सुरू होण्याआधी टेपची नुसती सरसर असते. तेवढा तुकडा निवडून नॉइज रिडक्शनला 'हा कचरा' म्हणून दाखवायचा आणि मग पूर्ण फाईलवर तो परिणाम लावायचा. हात आखडता ठेवा. जास्त लावला की गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं.

आता आकार. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल मिनिटाला सुमारे १० एमबी खाते. पहिल्यांदा मी ४० मिनिटांच्या भजनाची ४०० एमबीची फाईल तशीच होस्टिंगवर चढवायला लावली. तासभर वाट बघितल्यावर 'फाईल मर्यादेपेक्षा मोठी' असं उत्तर आलं. होस्टिंगवाल्यांची प्रत्येक फाईलमागे मर्यादा असते, ती आधी विचारून घ्यावी. तीच फाईल १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी-३ मध्ये ४० एमबीच्या आत बसली. नुसतं भाषण किंवा आजीच्या ओव्या असतील तर मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) ६४ केबीपीएस पुरतात, जागा आणखी निम्मी. भजनाला मात्र तेवढी काटकसर करू नका. टाळांचा झणत्कार त्यात फुटतो, पत्रा घासल्यासारखा होतो.

ठेवायचं कुठे? स्वतःच्या वर्डप्रेसवर ऑडिओ ब्लॉकमध्ये ठेवता येतं. यूट्यूबवर स्थिर चित्र लावूनही लोक ठेवतात, पण तिथली कंटेंट आयडी ही स्वयंचलित यंत्रणा आवाज जुळवून बघते आणि पारंपरिक भजनावरही कुणाचा हक्क निघू शकतो. माझी पसंती इंटरनेट आर्काइव्हला. १९९६ पासून चालणारी ना-नफा संस्था, जाहिराती नाहीत, मूळ मोठी फाईल दिली तर ऐकण्यासाठीची एमपी-३ ती स्वतः तयार करते, आणि एम्बेड कोड देते. तिथे ठेवलेलं सगळं जगाला खुलं असतं, म्हणून मंडळातल्या लोकांना विचारून मगच ठेवावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ही साइट काही दिवस बंद होती. त्यामुळे मूळ फाईल घरच्या हार्ड डिस्कवर हवीच, कुठलीही सेवा घेतली तरी.

आणि पान उघडताच आपोआप वाजणारं गाणं लावू नका. २०१८ पासून क्रोम तसा आवाज बहुधा अडवतंच, आणि बसमध्ये साइट उघडणाऱ्याला त्याचा त्रासच होतो.

व्हिडिओ आणि फोटो

व्हिडिओ स्वतःच्या होस्टिंगवर ठेवू नका, यूट्यूबवर ठेवून पानावर एम्बेड करा. बघणाऱ्याच्या रेंजप्रमाणे तो दर्जा कमी-जास्त करतो, हे आपल्या होस्टिंगला जमत नाही. खात्याची फोन नंबरने पडताळणी केली नसेल तर १५ मिनिटांपर्यंतचाच व्हिडिओ चढतो. शेवटी दिसणारे इतर व्हिडिओ पूर्ण बंद करता येत नाहीत, हे मात्र सोसावं लागतं. चढवण्याआधी आकार कमी करायला हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

फोटो १६०० पिक्सेल रुंदीचे करून घ्या. एकदोन असतील तर ब्राउझरमध्येच चालणारं स्कूश हे साधन, दीडशे असतील तर इरफानव्ह्यू हे सॉफ्टवेअर, कारण त्यात सगळे एका दमात लहान होतात. फाईलची नावं रोमन अक्षरांत ठेवा, देवनागरी नावांचा पत्त्यात लांबलचक खिचडा होतो.

मराठी आणि कन्नड

आपल्याकडे शेजारी कन्नड वाचणारे आहेत, आणि त्यांनीही हे पाहावं असं गुरुजींना मनापासून वाटतं. यूट्यूबवर एकाच व्हिडिओला मराठी आणि कन्नड अशी दोन्ही सबटायटल्स जोडता येतात. वर्डप्रेसमध्ये पॉलीलँग हे प्लगिन एकाच पानाच्या दोन भाषांतल्या आवृत्त्या सांभाळतं. गूगल साइट्समध्ये तशी सोय नाही, दोन पानं हाताने करून एकमेकांना जोडावी लागतात. दहा-बारा पानांपर्यंत ते निभतं. छापखान्याकडून आलेला जुना मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या, नाहीतर पानावर निरर्थक चिन्हं उमटतात.

मग ठरलं काय

भाचीने वर्डप्रेस घेतलं, गॅलरी स्वतःच्या होस्टिंगवर आणि व्हिडिओ यूट्यूबवर. 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन तिला फार आवडलं होतं. पण अजून कितीतरी फॉर्म तसा पत्ता स्वीकारत नाहीत, म्हणून तिने 'डॉट इन'च घेतलं.

गुरुजींसाठी गूगल साइट्स, आवाज इंटरनेट आर्काइव्हवर, कुंभाराचा व्हिडिओ यूट्यूबवर. एक काळजी होती. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. म्हणून त्याच खात्याच्या इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये त्यांच्या नातीचा पत्ता भरला, खातं निपचित पडलं की तिला कळेल आणि फाईली तिच्याकडे जातील. पासवर्ड वहीत लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहे.

१७ पैकी ६ कॅसेटी झाल्या. सातवीची फीत गुंडाळीत अडकते आहे, ती आधी दुसऱ्या डबीत बसवावी लागेल.